आकाशातील वाटाडे : एक काम, तीन व्यवस्था

विमानप्रवासाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम वैमानिक उभा राहतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु विमान जागेवरून हलल्यापासून ते मुक्कामाच्या विमानतळावर थांबेपर्यंत या वैमानिकाच्या कानाशी जमिनीवरचा कोणी ना कोणी माणूस बोलत असतो. किती उंचीवर जा, कोणत्या दिशेला वळ, केव्हा थांब, केव्हा उतर हे तो सांगतो आणि आपले क्षेत्र संपले की ते विमान पुढच्या माणसाच्या स्वाधीन करतो. प्रवाशाला त्याचा चेहरा दिसत नाही की नाव कळत नाही. या माणसाला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. आपल्याकडील तरुणांना या व्यवसायाची ओळख फार थोडी आहे. आणि जी आहे ती 'पगार चांगला, पण डोक्याला ताप फार' एवढ्यावरच थांबते.

प्रस्तुत लेखात मी या व्यवसायाचा भारत, अमेरिका आणि ब्रिटन या तीन देशांच्या संदर्भात तुलनात्मक विचार करणार आहे. तुलनेसाठी हा व्यवसाय निवडण्यास एक कारण आहे. शिक्षकाचे किंवा कारकुनाचे काम देशोदेशी वेगळे असते. त्यामुळे तेथे तुलना करणे अवघड जाते. नियंत्रकाचे काम मात्र जगभर जवळजवळ एकच आहे. १९४४ च्या शिकागो करारातून निर्माण झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्याचे नियम, त्याची भाषा, त्याच्या वैद्यकीय कसोट्या ठरवून दिल्या आहेत. काम सारखे असूनही नोकरी वेगळी असेल, तर तो फरक कामाचा नसून कामाभोवती उभ्या केलेल्या व्यवस्थेचा आहे, असे आपणांस म्हणता येते. व्यवसाय निवडताना आपण कामाकडे पाहतो आणि या व्यवस्थेकडे दुर्लक्ष करतो, हे मला या लेखात मुख्यत्वे दाखवावयाचे आहे.

कामाचे स्वरूप

नियंत्रण मनोऱ्याची सुरुवात १९२० साली लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर झाली. अमेरिकेत १९२९ मध्ये सेंट लुईस येथे आर्ची लीग हा गृहस्थ एका हातगाडीत खुर्ची, छत्री आणि दोन निशाणे घेऊन धावपट्टीच्या कडेला बसू लागला. एक निशाण 'जा' म्हणून सांगण्यासाठी, दुसरे 'थांब' म्हणून. त्या देशातील पहिला नियंत्रक तो हाच. १९३५ मध्ये नेवार्क येथे विमान कंपन्यांनी मिळून मार्गनियंत्रणाचे केंद्र उघडले आणि दुसऱ्याच वर्षी ते सरकारने आपल्या हाती घेतले.

आज हे काम तीन जागी विभागले गेले आहे. पहिली जागा मनोऱ्याची. येथील नियंत्रक काचेतून धावपट्टी पाहतो आणि विमानांना उड्डाणाची व उतरण्याची परवानगी देतो. दुसरी 'अप्रोच' कक्षाची. विमानतळाकडे चहूकडून येणाऱ्या विमानांना एका रांगेत आणण्याचे काम येथे चालते. तिसरी जागा क्षेत्रीय नियंत्रणाची. शेकडो मैलांच्या आकाशातून उंचावरून जाणाऱ्या विमानांवर येथून लक्ष ठेवले जाते. शेवटच्या दोन्ही कक्षांना आकाश दिसत नाही. मंद उजेडाच्या खोलीत पडद्यावरचे ठिपके आणि आकडे, एवढेच त्यांचे आकाश.

दोन विमानांत उभे अंतर साधारणतः एक हजार फुटांचे ठेवावे लागते. ते नसेल तर रडारच्या कक्षेत आडवे अंतर मार्गावर पाच सागरी मैल आणि विमानतळाजवळ सर्वसामान्यपणे तीन सागरी मैल असावे लागते. सागरी मैल म्हणजे सुमारे पावणेदोन किलोमीटरांहून थोडे अधिक. जमिनीवर हे अंतर मोठे वाटते. परंतु समोरासमोर येणारी दोन जेट विमाने पाच सागरी मैल अर्ध्या मिनिटाच्या आत कापतात.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकीचाच उपयोग होतो. अशा स्थितीत डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवशी चोवीस तासांत तेथे हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. म्हणजे सरासरी दीड मिनिटाच्याही आत एक विमान! शिवाय अरबी समुद्रावरील विस्तीर्ण आकाशाचे नियंत्रणही मुंबईकडेच आहे.

शब्दांचे काम

हे काम यंत्रांचे आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला मात्र ते प्रथम भाषेचे काम वाटते. नियंत्रकाने सूचना द्यावयाची, वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवावयाची आणि नियंत्रकाने ती बरोबर म्हटली गेली की नाही हे ऐकावयाचे, असा हा तिहेरी व्यवहार आहे. 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांत गोंधळ होऊ नये म्हणून नऊला 'नाइनर' म्हणण्याची रीत आहे.

भाषेतली ढिलाई किती महाग पडते हे २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दिसले. धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. एका विमानाने परवानगी नसताना धाव सुरू केली होती. त्याच्या वैमानिकाने उच्चारलेल्या संदिग्ध वाक्याचा अर्थ मनोऱ्याला नीट कळला नाही. आणि त्याच क्षणी दोघे एकदम बोलल्याने पुढचे शब्द खरखरीत बुडाले. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा, एरवी 'डिपार्चर' म्हणावे, असा दंडक झाला. एका शब्दाची जागा ठरविण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागली! आज आंतरराष्ट्रीय वाहतूक हाताळणाऱ्या नियंत्रकाला इंग्रजी संभाषणाच्या सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी गाठावी लागते.

प्रवेशाचे दार

असे असूनही आपल्या देशात कला शाखेच्या पदवीधराला या व्यवसायाचे मुख्य दार बंद आहे. भारतात नागरी नियंत्रणाचे काम १ एप्रिल १९९५ रोजी स्थापन झालेल्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. मुंबई-दिल्लीचे विमानतळ २००६ मध्ये खाजगी चालकांकडे गेले, पण नियंत्रणाचे काम प्राधिकरणाकडेच राहिले. येथे कनिष्ठ अधिकारी म्हणून थेट भरती होते. त्यासाठी पदार्थविज्ञान व गणित घेऊन बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. सर्वसाधारण उमेदवारास वयाची मर्यादा सत्तावीस वर्षांची आहे. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि मग प्रशिक्षण असा हा क्रम. प्रशिक्षणाचे सर्वांत जुने केंद्र म्हणजे १९४८ पासूनचे अलाहाबादचे, आताच्या प्रयागराजचे महाविद्यालय. हैदराबाद येथे आणि आपल्या विदर्भातील गोंदिया येथेही प्राधिकरणाच्या प्रशिक्षण संस्था आहेत.

अमेरिकेत भरती करणारी फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन ही थेट सरकारी संस्था आहे. तेथे पदवी कोणत्याही विषयाची चालते. किंबहुना पदवीच्या ऐवजी नोकरीचा अनुभवही चालतो. अट आहे ती नागरिकत्वाची आणि वयाची. वयाची एकतीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो. उमेदवाराच्या पदवीपेक्षा त्याची आकलनाची, स्मरणाची आणि एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष देण्याची शक्ती तपासणारी स्वतंत्र परीक्षा घेतात. त्यानंतर ओक्लाहोमा सिटी येथील अकादमी आणि पुढे नेमणुकीच्या जागी दोन-तीन वर्षांचे प्रत्यक्ष शिक्षण.

ब्रिटनमध्ये नॅट्स ही संस्था अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला घेते. इंग्रजी व गणित यांसह पाच विषयांत शालान्त पातळीवरचे चांगले गुण पुरेसे होतात. पुढे त्याची निवड होते ती चाचण्यांवर.

एकाच कामासाठी एक देश विज्ञानाची पदवी मागतो, दुसरा कोणतीही पदवी मागतो आणि तिसरा पदवीच मागत नाही. येथे कोण बरोबर असा वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडे उमेदवारांची संख्या अफाट असते; चाळणी कोठेतरी लावावीच लागते, आणि पदवी ही सर्वांत सोपी चाळणी. परंतु चाळणीची सोय म्हणजे कामाची गरज नव्हे, एवढे या तुलनेवरून स्पष्ट होते.

कला शाखेच्या वाचकांसाठी एक बाजूचे दार मात्र आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळाचे नियंत्रण भारतीय हवाई दलाकडे आणि गोव्यातील दाबोळीचे नौदलाकडे आहे. हवाई दलात प्रशासन शाखेच्या अधिकाऱ्यांना विमान नियंत्रणाचे कामही दिले जाते, आणि या शाखेसाठी किमान साठ टक्के गुणांची कोणत्याही विद्याशाखेची पदवी चालत आली आहे. ज्यांना रस असेल त्यांनी हवाई दलाच्या सामाईक प्रवेश परीक्षेची जाहिरात काळजीपूर्वक वाचावी. अर्थात ती नोकरी प्रथम सैन्याची आणि नंतर नियंत्रकाची, हेही ध्यानात ठेवावे.

बढती, बदली आणि निवृत्ती

भारतातील नियंत्रकाची वाट सरकारी शिडीसारखी आहे. कनिष्ठ अधिकारी, सहाय्यक व्यवस्थापक, व्यवस्थापक, वरिष्ठ व्यवस्थापक अशा पायऱ्या चढत माणूस महाव्यवस्थापकापर्यंत जातो. दर जागेच्या कामासाठी वेगळी पात्रता, म्हणजे 'रेटिंग', मिळवावी लागते. बदली देशात कोठेही होते. आणि नव्या जागी तेथील आकाश पुन्हा शिकून नव्याने परीक्षा द्यावी लागते. निवृत्ती साठाव्या वर्षी. नोकरीची शाश्वती हा या वाटेचा मोठा गुण आहे.

अमेरिकेत मान आणि मोबदला यांचा संबंध ठिकाणाशी आहे. जेथे वाहतूक अधिक आणि गुंतागुंतीची, तेथे वेतन अधिक. म्हणून नियंत्रक लहान मनोऱ्यातून मोठ्या केंद्राकडे जाण्याची धडपड करतो. मात्र विमाने हाताळणाऱ्या नियंत्रकाला, काही अपवाद सोडल्यास, छप्पन्नाव्या वर्षी बाजूला व्हावेच लागते. वयाबरोबर लक्षाची चपळाई कमी होते, हे तेथे कायद्याने मान्य केले आहे.

ब्रिटनची तऱ्हा आणखी निराळी. नॅट्समध्ये २००१ पासून खाजगी भागीदारी आली. सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्के राहिला, कर्मचाऱ्यांना ५ टक्के मिळाला, उरलेला मुख्यतः विमान कंपन्यांकडे गेला. मार्गावरील नियंत्रण नॅट्सकडे असले तरी विमानतळांना मनोऱ्याच्या कामाचा ठेका दुसऱ्या संस्थेला देता येतो. लंडनच्या गॅटविक विमानतळाचा ठेका २०१६ मध्ये एका जर्मन संस्थेच्या उपकंपनीकडे गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा नॅट्सकडे आला. मनोरा तोच, धावपट्टी तीच; बदलला तो मालक! ब्रिटिश नियंत्रकाला आपल्याकडच्यासारखी दूरची बदली कदाचित सोसावी लागणार नाही, पण जागेवर बसल्या बसल्या त्याची नोकरी दुसऱ्याकडे वर्ग होऊ शकते.

पाळी आणि विश्रांती

आकाश रात्रीही उघडे असते. तेव्हा रात्रपाळी या व्यवसायाला चुकलेली नाही. प्रश्न आहे तो दोन पाळ्यांमधील विश्रांतीचा आणि शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या माणसाचा.

ब्रिटनच्या नियमांनुसार नियंत्रकाने सलग दोन तासांहून अधिक काम करावयाचे नाही. तेवढ्या अवधीत निदान अर्ध्या तासाची विश्रांती घ्यावयाची, आणि दोन पाळ्यांमध्ये बारा तासांचे अंतर ठेवावयाचे, असा दंडक घालण्यात आला. अमेरिकेत हे अंतर बराच काळ आठच तासांचे होते. त्या आठ तासांतच घरी जाणे, जेवण, झोप आणि परत येणे! २३ मार्च २०११ च्या रात्री राजधानी वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर मनोऱ्यातील एकमेव नियंत्रक झोपी गेला आणि दोन प्रवासी विमानांना त्याच्या मदतीवाचून उतरावे लागले. गाजावाजा झाला, सत्तावीस ठिकाणी रात्रीसाठी दुसरा माणूस नेमला गेला आणि विश्रांती आठाची नऊ तास झाली. ती दहा तास करण्याचा निर्णय जाहीर होण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

या तीन देशांबाहेरचे एक उदाहरण येथे देणे भाग आहे, कारण ते या प्रश्नाच्या मुळाशी जाते. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगेनच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली आणि ७१ जण मरण पावले. त्यांत बहुतांश शाळकरी मुले होती. त्या आकाशाचे नियंत्रण स्वित्झर्लंडमधील झुरिचहून होत असे. कक्षात एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळीत होता. दुसरा विश्रांतीस गेला होता, आणि रात्री असे करण्याची पद्धत वरिष्ठांनी चालवून घेतली होती. दुरुस्तीमुळे मुख्य दूरध्वनी बंद होता आणि धोक्याची सूचना देणारी यंत्रणाही नेहमीप्रमाणे चालत नव्हती. विमानातील यंत्राने एका वैमानिकाला 'वर जा' सांगितले, नियंत्रकाने त्याच वेळी 'खाली जा' सांगितले. पुढे २००४ मध्ये या अपघातात कुटुंब गमावलेल्या एका पित्याने त्या नियंत्रकाचा खून केला. २००७ मध्ये न्यायालयाने त्या संस्थेच्या चौघा जबाबदार व्यक्तींना दोषी ठरविले. एकट्या माणसाला त्या खुर्चीवर बसविणारी व्यवस्था न्यायालयाला दिसली. दुःखाने अंध झालेल्या पित्याला फक्त खुर्चीवरचा माणूस दिसला. लोकही बहुधा त्या पित्यासारखेच पाहतात.

२९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या त्याच विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण मृत्यू पावले. त्या अपघातामागे अनेक कारणे होती. परंतु हेलिकॉप्टरांचे आणि विमानांचे नियंत्रण, ही दोन कामे त्या वेळी एकाच नियंत्रकाकडे एकत्र केलेली होती, हेही तपासात पुढे आले.

हाताशी असलेली साधने

नियंत्रक कितीही कुशल असला तरी त्याला जे दाखविले जाते तेवढेच तो पाहू शकतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसे दगावली. दिल्लीच्या नियंत्रकाने दिलेल्या सूचना बरोबर होत्या. कझाक विमान नेमून दिलेली १५,००० फुटांची उंची सोडून खाली आले होते. पण दिल्लीच्या पडद्यावर तेव्हा विमानाची उंची दिसतच नसे. वैमानिक सांगेल तीच उंची खरी मानावी लागे. येणारी आणि जाणारी विमाने एकाच अरुंद मार्गाने सोडली जात, तीही याच अपघातानंतर वेगळी झाली, आणि टक्कर टाळणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले.

जुनी यंत्रे हा केवळ गरीब देशांचाच प्रश्न आहे असेही नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेत नेवार्कच्या विमानांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कक्षाचे रडार आणि संभाषण सुमारे दीड मिनिट बंद पडले. त्या धक्क्यानंतर काही नियंत्रकांना रजेवर जावे लागले. त्याच वर्षी ६ व ७ नोव्हेंबरला दिल्लीत विमानांच्या मार्गांचे संदेश पोहोचविणारी यंत्रणा बिघडली. तेव्हा नियंत्रकांनी ते काम हातांनी केले आणि शेकडो विमानांना विलंब झाला. दुसरीकडे, लंडन सिटी विमानतळाचा नियंत्रक २०२१ पासून विमानतळावर नसतोच. सुमारे सत्तर मैल दूर, स्वॉनविक येथे बसून तो कॅमेऱ्यांच्या पडद्यावर धावपट्टी पाहतो. मनोऱ्याची खिडकीही अशी हळूहळू पडदाच होऊ लागली आहे.

संघटना आणि संप

कामाच्या परिस्थितीबद्दल नियंत्रकांनी तक्रार करावयाची तर कशी? ३ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील सुमारे तेरा हजार नियंत्रकांनी संप केला. अधिक वेतन, बत्तीस तासांचा आठवडा आणि लवकर निवृत्ती या त्यांच्या मागण्या होत्या. सरकारी नोकरांना संपाची बंदी होती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आणि मग ११,३४५ जणांना बडतर्फ केले. त्यांना पुन्हा नोकरी देण्यावरील बंदी १९९३ मध्ये उठली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या घटनेचा पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. बडतर्फांच्या जागी थोड्या वर्षांत हजारो तरुण एकदम भरले गेले. एकदम आलेले लोक एकदमच निवृत्तीला आले. आणि सुमारे पंचवीस वर्षांनी अनुभवी माणसांची ओहोटी लागली. पैशाने नवा मनोरा लवकर बांधता येतो, पण त्यात बसणारा माणूस तयार होण्यास वर्षे लागतात. संप मोडता आला; गेलेला अनुभव मात्र लवकर परत आणता आला नाही. २५ जानेवारी २०१९ रोजी याचे दुसरे प्रत्यंतर आले. सरकारी खर्चाची मंजुरी अडल्याने नियंत्रक महिनाभर वेतनाशिवाय काम करीत होते. त्या दिवशी मोजके लोक कामावर न आल्यामुळे न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने काही काळ रोखावी लागली, आणि पस्तीस दिवसांची ती कोंडी त्याच दिवशी फुटली.

समारोप

वरील तुलनेवरून तीनपैकी एक व्यवस्था सर्वांगी उत्तम आणि दुसरी टाकाऊ, असा निकाल देता येणार नाही. भारतात शाश्वती आहे, पण प्रवेशाचे दार अरुंद आहे आणि बदली कपाळी लिहिलेली आहे. अमेरिकेत दार रुंद आहे, निवृत्तीचा विचार समंजस आहे. पण विश्रांतीच्या बाबतीत तेथील सरकार अपघात आणि अब्रू यांच्या धक्क्यानेच हलत आले. ब्रिटनने विश्रांतीचा हिशेब आधी मांडला, पण मालकी सैल ठेवली.

माझ्या मते यातून विद्यार्थ्यांनी घेण्यासारखा धडा एकच आहे, आणि तो विमानांपुरता नाही. कोणत्याही नोकरीची चौकशी करताना आपण दोन प्रश्न विचारतो : पगार किती, आणि बढती केव्हा? त्यांच्या जोडीला आणखी तीन विचारावेत. रात्री माझ्या शेजारी दुसरे कोणी असेल काय? थकल्यावर मला केव्हा उठू देतील? आणि काही बिघडले तर खुर्चीकडे बोट दाखविले जाईल की खुर्ची मांडणाऱ्याकडे? रुग्णालयातील परिचारिका, रेल्वेचा स्टेशनमास्तर, एस.टी.चा चालक यांनाही हेच प्रश्न लागू पडतात. या प्रश्नांची उत्तरे देण्यास पदार्थविज्ञान पुरे पडत नाही; त्यासाठी अर्थशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र आणि भाषा यांचाच आधार घ्यावा लागतो. नियंत्रकाच्या खुर्चीवर आपण कला शाखेचे विद्यार्थी क्वचितच बसू. पण ती खुर्ची कशी मांडावी, तिच्या शेजारी दुसरी असावी की नाही, हे ठरविणाऱ्यांत उद्या आपण असू शकतो. त्या वेळी खर्चाच्या कागदावर 'एक माणूस कमी' असे लिहिण्यापूर्वी आपला हात क्षणभर थांबला, तरी हा अभ्यास कारणी लागला असे मी समजेन.